स्वस्त कोळंबीचे मोल

हैदराबाद शहराला समुद्र नाही. कोणत्याही दिशेने निघाले तरी खाऱ्या पाण्याचे दर्शन होण्यास शेकडो किलोमीटर जावे लागते. असे असूनही देशाच्या मासळीचा आणि समुद्राचा पुष्कळसा कारभार ह्याच शहरातून चालतो, हे ऐकून आपल्याकडील किनाऱ्यावरच्या वाचकांस नवल वाटेल. २००६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मात्स्यिकी विकास मंडळाचे मुख्य कार्यालय येथे आहे, आणि त्याची इमारत चक्क माशाच्या आकाराची बांधलेली आहे. विमानतळाकडे नेणाऱ्या उंच रस्त्यावरून जाताना हा प्रचंड मासा दिसतो आणि नवखा पाहुणा हमखास मान वळवून पाहतो. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हेही १९९९पासून येथेच आहे. उपग्रहांनी टिपलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य पाहून, कोणत्या भागात मासळीचे थवे सापडण्याचा संभव आहे, ह्याची सूचना तेथील शास्त्रज्ञ किनाऱ्यावरच्या बंदरांना निरनिराळ्या भाषांतून पाठवितात. आमच्या वडिलांच्या काळी जे ज्ञान पाण्याचा रंग आणि पाखरांचे घिरटणे पाहून मिळवावे लागे, ते आता समुद्र नसलेल्या गावातून मिळते!

विज्ञानाची ही मोठी सेवा आहे, ह्यात शंका नाही. परंतु आकाशातील त्या यंत्राला मासळीचा ठाव कळला, तरी मासळीमागे जाणाऱ्या बोटीवर कोण माणूस कोणत्या अटींवर उभा आहे, हे कळत नाही. आज मला जे सांगावयाचे आहे ते त्या माणसाविषयी.

माझे माहेर वसईच्या किनाऱ्यावरचे. वडील नाखवा होते. पतीच्या नोकरीनिमित्त मी हैदराबादेस आले त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. येथे मुशीराबादजवळच्या रामनगरच्या मासळीबाजारात मी जाते. मृग नक्षत्र निघाले की त्या बाजारात पाय ठेवावयास जागा नसते, कारण त्या दिवशी मासळी खाल्ली म्हणजे वर्षभर प्रकृती चांगली राहते अशी इकडील लोकांची श्रद्धा आहे. रोहू, कटला आणि मरळ ही इकडची खरी मासळी. सरंगा, सुरमई बर्फातून येतात, आणि त्यांचे भाव ऐकूनच आपण पुढे सरकावे. कोळंबी मात्र गेल्या पंधरा वर्षांत मुबलक झाली. आमच्या लहानपणी मोठी कोळंबी म्हणजे सणासुदीचा जिन्नस. आता ती एकसारख्या आकाराची, ढिगाने, बारा महिने मिळते, आणि सरंग्याच्या मानाने स्वस्त पडते.

माझ्या आईची एक रीत होती. मासळी महाग असली तर ती घासाघीस करी. पण मासळी अकारण स्वस्त दिसली की ती आधी कल्ला उघडून पाही. “स्वस्त आहे ना, मग काहीतरी कारण असणार,” असे ती म्हणे. ह्या कोळंबीच्या स्वस्ताईचेही कारण मला जाणून घ्यावेसे वाटले. बाजारातील विक्रेत्यांस विचारले, आमच्या ओळखीच्या एका तळीवाल्या शेतकऱ्यास विचारले, आणि छापून आलेले मिळेल तेवढे वाचले.

ही कोळंबी मूळची आपली नव्हे. तिला व्हनामी म्हणतात. तिचे मूळ घर अमेरिका खंडाचा पश्चिम किनारा. आपल्याकडे पूर्वी काळी वाघी कोळंबी तळ्यांत वाढवीत असत; पण १९९४च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पडला आणि तळीच्या तळी बसली. पुढे २००९ साली सरकारने व्हनामीला परवानगी दिली, आणि गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडील भातखाचरे पाहता पाहता तळी झाली. भीमावरम, कैकलूर, नेल्लोर ही नावे आज ह्या धंद्यात जगभर ठाऊक आहेत. २०२३-२४ ह्या वर्षी भारताने सुमारे १७ लाख ८१ हजार टन समुद्री अन्न परदेशी धाडले आणि त्याचे ६०,५२३ कोटी रुपये आले. त्यांपैकी दोनतृतीयांश रक्कम एकट्या गोठविलेल्या कोळंबीची होती, आणि तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. ह्या व्यापारात आंध्र प्रदेशाचा वाटा सर्वांत मोठा. जो माल परदेशी जात नाही तो हैदराबादच्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकांच्या पिशवीत येतो.

आता तळ्यातील कोळंबी आणि अमेरिकेतील माणसाची बशी ह्यांच्यामध्ये किती हात आहेत ते मोजावे. कोणी पिल्ले तयार करतो, कोणी खाद्य विकतो, कोणी तळे राखतो, कोणी माल उचलतो. मग ती शेडमध्ये येते. तेथे बायका रांगेत उभ्या राहून डोके काढतात, साल सोलतात, पाठीतील काळा दोरा ओढून टाकतात. कोळंबी थंडगार ठेवावी लागते, म्हणून हात तासन् तास बर्फाच्या पाण्यात. घरी अर्धा किलो कोळंबी सोलली की आपली बोटे कशी चुरचुरतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. ह्या बायकांपुढे दिवसभर ढीग संपत नाही. त्यांतील पुष्कळ जणी दूरच्या गावांतून, परराज्यांतून आलेल्या असतात.

२०२४च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी लॅब ह्या संस्थेने आणि आउटलॉ ओशन प्रोजेक्ट ह्या पत्रकारांच्या संस्थेने भारतातील कोळंबीच्या धंद्याविषयी लांबलचक अहवाल प्रसिद्ध केले. कायद्याने ठरलेल्या मजुरीहून कमी मजुरी, दाटीवाटीची राहण्याची जागा, आगाऊ पैशांच्या फेडीत अडकलेली माणसे, असे त्यांतील आरोप होते. सरकारने आणि निर्यातदारांनी ते नाकारले. आमचे कारखाने तपासलेले आहेत, असे त्यांनी सांगितले. कोणाचे किती खरे, ह्याचा निवाडा मी घरबसल्या करू शकत नाही. चांगले चालविलेले कारखानेही असतील, आहेतच. परंतु तळीवाल्या शेतकऱ्याने मला जे सांगितले ते विसरता येत नाही. तो म्हणाला, “अम्मा, भाव आम्ही ठरवीत नाही. किलोला किती कोळंबी बसतात ते मोजून व्यापारी भाव सांगतो. व्यापाऱ्याला कारखानदार सांगतो, कारखानदाराला परदेशचा दुकानदार सांगतो. विजेचे बिल आणि खाद्याचा दर मला कमी करता येत नाही. मग मी कमी काय करणार?” त्याने पुढचे वाक्य उच्चारले नाही. उच्चारण्याची गरजही नव्हती. तळ्याच्या काठी झोपडीत राहून रात्रंदिवस राखण करणारे एक जोडपे आमच्यासमोरच उभे होते.

कोळंबीच्या खाद्याचीही एक गोष्ट आहे. तळ्यात वाढणारी कोळंबी समुद्राला हात लावीत नाही, असे आपणांस वाटते; पण तिच्या खाद्यात माशांची भुकटी असते. ती भुकटी समुद्रातील लहानसहान मासळीची. ज्या ट्रॉलरच्या जाळ्यात बोटभर लांबीची पिल्लेही सुटत नाहीत, त्याच्या तळाशी उरलेला गाळसाळ भुकटीच्या कारखान्यात जातो. म्हणजे आपल्या ताटातील तळ्याची कोळंबी पुन्हा समुद्रातील बोटीपाशी, आणि त्या बोटीवरील माणसापाशी येऊन पोहोचते.

त्या माणसाची गोष्ट जगाला पहिल्यांदा नीट कळली ती २०१५ साली. असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेच्या स्त्री पत्रकार इंडोनेशियातील बेंजिना नावाच्या दूर बेटावरच्या गावी पोहोचल्या. तेथे त्यांना पिंजऱ्यात कोंडलेली माणसे आढळली. बहुतेक म्यानमारची, गरीब घरची. त्यांना फसवून थायलंडच्या बोटींवर चढविले होते. दिवसाला वीस-वीस तास काम, आजारी पडले तरी मार, आणि मजुरी जवळजवळ नाहीच. त्यांनी पकडलेली मासळी थायलंडमार्गे अमेरिकेच्या दुकानांत जात होती, मांजरांच्या खाद्यातसुद्धा. ह्या शोधामुळे दोन हजारांहून अधिक माणसे सुटली. त्यांतील एक जण २२ वर्षांनी आपल्या आईच्या दारी आला. तो गेला तेव्हा कोवळा मुलगा होता. वाचकहो, २२ वर्षे म्हणजे आपल्या घरातील एका लेकराचा बाप्तिस्मा होऊन ते लग्नाच्या वयाचे व्हावे इतका काळ!

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२२ साली असा अंदाज दिला की जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या मजुरीत आहेत, आणि त्यांपैकी किमान १ लाख २८ हजार मासेमारी बोटींवर आहेत. चोरट्या मासेमारीविषयी २००९ साली झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब असा की दरवर्षी १ कोटी १० लाख ते २ कोटी ६० लाख टन मासळी बेकायदा काढली जाते. ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटल्या तरी एकाच दोरखंडाचे दोन पीळ आहेत. कसे ते पाहा. अति मासेमारीने किनाऱ्याजवळची मासळी ओसरते. जगातील सागरी मासळीच्या साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठे अति उपशाने खालावले आहेत, असे अन्न व कृषी संघटनेचा २०२४चा अहवाल सांगतो. मासळी ओसरली की बोटीला दूर जावे लागते. दूर जावयाचे म्हणजे डिझेल अधिक, बर्फ अधिक, दिवस अधिक. डिझेलवाला उधारी फार दिवस ठेवीत नाही, बर्फवाला ठेवीत नाही. कोणाचे पैसे मागे ठेवता येतात? फक्त खलाशाचे. मोठ्या ट्रॉलरवर तर मासळी भर समुद्रातच दुसऱ्या जहाजावर चढविली जाते आणि बोट महिनोन् महिने बंदरास लागत नाही. चोरी लपविण्याची जी युक्ती, तीच माणूस लपविण्याची युक्ती. जो समुद्राचा कायदा मोडतो त्याला माणसाचा कायदा मोडावयास फारसे धैर्य लागत नाही.

‘पण आपल्याकडे पिंजरे कुठे आहेत?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला ह्या हैदराबादच्याच मातीत मिळाले. निजामाच्या राज्यात तेलंगणातील देशमुख-जागीरदार गावकऱ्यांकडून ‘वेट्टी’ घेत. ही वेट्टी म्हणजे आपली वेठ. शब्दही एकच आणि दुःखही एकच. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, म्हणून आपल्या तिकडील वाडवडिलांना हा शब्द पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. ह्याच राज्यात ‘भगेला’ नावाची चाल होती. मनुष्य सावकाराकडून थोडे कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबे. ते कधी फिटत नसे. निजाम सरकारला १९३६ साली ह्या भगेल्यांविषयी कायदा करावा लागला. आणि आमच्या ठाणे जिल्ह्यात? डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारली माणसाने लग्नासाठी कर्ज घेतले की तो ‘लग्नगडी’ होई. बायकोसकट जन्मभर सावकाराचा. १९४५ साली गोदावरीबाई परुळेकरांच्या साहाय्याने वारल्यांनी ही वेठ झुगारून दिली. १९७६ साली वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा झाला. तरीही पुढे आमच्या वसई तालुक्यात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित ह्या दांपत्यास वेठबिगार सोडविण्यासाठी श्रमजीवी संघटना उभारावी लागली. त्या कामाबद्दल १९९९ साली त्यांना गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ह्यांतील एकाही ठिकाणी पिंजरा नव्हता. होती ती वही. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमाने बिगार मनाई केली आहे, आणि १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा अर्थ सांगताना म्हटले की किमान वेतनाहून कमी पैशांत ज्याला काम करावे लागते तोही सक्तीचाच मजूर होय; कारण भूक आणि गरिबी ह्यांची सक्ती लाठीच्या सक्तीहून कमी नसते. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

काही वर्षांपूर्वी मी माहेरी निघाले होते. सिकंदराबादहून राजकोटकडे जाणारी गाडी वसईमार्गे जाते. पावसाळ्यातील मासेमारीची बंदी संपण्याचा तो सुमार होता. माझ्या डब्यात दहा-बारा तरुण होते, आंध्राच्या अगदी उत्तरेकडील श्रीकाकुलम जिल्ह्यातले. गुजरातेत वेरावळला बोटींवर निघाले होते. तीस वर्षांत मला तेलुगू बरी येऊ लागली आहे. मी बोलले तसे ते मोकळे झाले आणि मला ‘अक्का’ म्हणू लागले. त्यांच्या गावापुढे समुद्र आहे, पण चांगले बंदर नाही. म्हणून आपला समुद्र पाठीमागे टाकून दोन दिवसांचा प्रवास करून परक्या समुद्रावर जावयाचे. मी विचारले, “पगार किती?” ते एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, “अक्का, पैसे गेल्या वैशाखातच घेतले. बहिणीचे लग्न होते. आता ते फेडावयाचे.” दुसऱ्याला विचारले, “मग मध्येच परत यावेसे वाटले तर?” तो हसला आणि म्हणाला, “बोट कुठे थांबते, अक्का?” त्याच्या हसण्याचा मला राग आला नाही, पण रात्री झोपही आली नाही. ‘लग्नगडी’ हा शब्द माझ्या कानांत घुमत राहिला.

ह्याच श्रीकाकुलमच्या बाजूचे बावीस जण २०१८च्या नोव्हेंबरात गुजरातच्या बोटींवर असताना पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. वीस जण २०२०च्या जानेवारीत वाघा सीमेवरून परत आले. २०२५ साली ह्या प्रसंगावर तेलुगू चित्रपट निघाला. त्याचे नाव ‘तंडेल’, म्हणजे आपलाच तांडेल. हैदराबादच्या चित्रपटगृहांत लोकांनी तो गर्दी करून पाहिला. आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी खलाशीही गुजरातच्या बोटींवर जातात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याजवळच्या समुद्रात पाकिस्तानी सागरी दलाच्या गोळीबारात पालघर तालुक्यातील वडराई गावचा खलाशी ठार झाला. १ जानेवारी २०२५ रोजी पाकिस्तानने दिलेल्या यादीत २१७ भारतीय मच्छीमार त्याच्या तुरुंगांत होते. पाण्यावर रेषा दिसत नाही, हे खरे. पण बोट त्या अदृश्य रेषेकडे का जाते? कारण अलीकडची मासळी ओसरली आहे. बोट कोणीकडे न्यावी हे खलाशी ठरवीत नाही; तुरुंगात मात्र तोही जातो, आणि मागे घरी त्याच्या नावावर उचल तशीच राहते.

माहेरी पोहोचल्यावर मी हे सारे माझ्या मोठ्या भावास सांगितले. त्याची बोट आहे. दादाने शांतपणे ऐकून घेतले आणि कपाटातून हिशेबाची वही काढून माझ्यापुढे ठेविली. “बाय, तू शहरात राहून बोलतेस. ही वही पाहा. हा दहा हजार घेऊन गेला, परत आला नाही. हा वीस हजार घेऊन दुसऱ्या बोटीवर चढला. उचल दिली नाही तर खलाशी मिळत नाही. दिली तर राहील ह्याचा भरवसा नाही. बंदीचे दिवस मी काय खातो? मोठ्या पर्ससीनवाल्यांनी आणि दिव्यांच्या बोटींनी समुद्र धुऊन नेला, त्याचा दोष माझा आहे का?”

दादाचे म्हणणे खोटे नव्हते. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली. २०२३च्या नोव्हेंबरात राज्याने ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरविले. कायदे कागदावर आहेत, आणि ते मोडणारे समुद्रावर आहेत. जो कायदा पाळतो त्याची बोट रिकामी येते. मग त्याचा भार खाली खाली सरकत शेवटी त्या माणसाच्या डोक्यावर येतो ज्याच्या खाली आणखी कोणी नाही.

मी दादाला एवढेच विचारले, “ही वही तुझ्याजवळ आहे. खलाशाजवळ काय आहे?” तो गप्प राहिला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “त्याच्याजवळ आपला शब्द आहे. आणि शब्द आपण वर्षाच्या शेवटी काढतो.” त्या एका वाक्याने जे झाले ते माझ्या साऱ्या आकड्यांनी झाले नसते. त्या मोसमापासून दादाने प्रत्येक खलाशासाठी एक लहान वही केली. दोन्ही वह्यांत एकाच वेळी लिहावयाचे: उचल किती, मजुरी किती, कापली किती, उरली किती. अक्षर न येणाऱ्याच्या वहीत त्याच्या गावचा जाणता माणूस वाचून पाहील. मजुरी महिन्याच्या महिन्यास. कोणाचे आधारपत्र स्वतःजवळ ठेवावयाचे नाही. उचल बाकी असली तरी ज्याला जावयाचे आहे त्याने जावे; पैसे मागण्याचा हक्क आहे, माणूस अडवून ठेवण्याचा नाही. पहिल्या वर्षी दोघे पैसे बुडवून गेले, हेही सांगितले पाहिजे. पण इतर टिकले, आणि पुढच्या मोसमात ते आपल्या भावांना घेऊन आले. दादाचा पूर्ण तोटा भरून निघाला, असे मी म्हणणार नाही. सचोटीने नेहमी नफाच होतो असे सांगणे ही मुलांना सांगावयाची गोष्ट झाली. काही वेळा सचोटीला पैसे पडतात, आणि ते आपण द्यावे लागतात.

मासेमारीच्या कामाविषयी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००७ साली जो करार केला आणि जो नोव्हेंबर २०१७पासून अमलात आला, त्यात तरी ह्याहून वेगळे काय आहे? खलाशाशी लेखी करार असावा. तीन दिवसांहून अधिक समुद्रावर राहणाऱ्या बोटीवर चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळावी. आजारात व अपघातात त्याची सोय व्हावी. ज्या थायलंडचे नाव २०१५ साली जगभर बदनाम झाले, त्याच थायलंडने २०१९ साली आशियात सर्वांआधी हा करार मान्य केला. युरोपने मासळी घेणे बंद करू, अशी तंबी दिली होती, हेही त्याचे एक कारण. म्हणजे घेणाऱ्याने विचारले तर देणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आपल्या देशातही २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूस पाच लाख रुपयांच्या विम्याची तरतूद झाली. बोटमालकाने आपल्या घरच्या माणसाचे नाव विम्यात घालताना खलाशाचे नाव वगळले नाही ना, एवढे तरी आपण पाहू शकतो.

आपल्यापैकी काहींच्या बोटी आहेत, काहींच्या वाड्या आहेत, काहींच्या मुली-सुना परगावी कारखान्यांत काम करतात, आणि मासळी तर आपण सर्वच खातो. म्हणून कोणी मालकाच्या बाजूने वाचील, कोणी मजुराच्या. मार्कच्या शुभवर्तमानात जब्दीच्या बोटीचा उल्लेख आहे. याकोब आणि योहान येशूमागे गेले तेव्हा त्यांनी आपल्या बापाला मोलकऱ्यांसह बोटीत सोडले, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळदा आपण त्या दोघा शिष्यांविषयी प्रवचन ऐकतो. बोटीत राहिलेल्या मोलकऱ्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. पण ते होते, एवढे लिहिणाऱ्याने नोंदविले. आपल्याही घरच्या हिशेबात त्यांची नोंद असावी, हे मागणे फार मोठे नव्हे.

बाजारात आपण काय करू शकतो? हैदराबादेत बसून मला अमेरिकेचा व्यापार बदलता येणार नाही. परंतु बोटभर लांबीचा सरंगा मी घेत नाही, मग तो कितीही स्वस्त असो. कोळंबी घेताना ती कोठून आली हे विचारते. सुरुवातीस विक्रेता चिडत असे, आता तो आपण होऊन सांगतो. आपल्या गावातील मच्छीमार सोसायटीच्या सभेत, महिला मंडळात हा विषय निघावा: खलाशांस मजुरी कशी मिळते, त्यांची वही आहे का, गावातून जी मुले-मुली दूर कामाला जातात त्यांच्या मुकादमाचे नाव आणि फोन कोणी लिहून ठेविला आहे का. एखादे पोर सहा महिने घरी बोलले नाही तर कोणी चौकशी करते का. पिंजरे बांधावयास मोठे गुन्हेगार लागतात. पण ज्या माणसाची कोणी चौकशी करीत नाही त्याला कोंडावयास पिंजऱ्याची गरज पडत नाही. म्हणून निदान चौकशी तरी करीत राहू या.